तबकडीतला तोतया

जुन्या मराठी दफ्तरांशी ज्यांचा थोडाफार संबंध आला आहे, त्यांना 'अस्सल' आणि 'नक्कल' हे दोन शब्द पावलोपावली भेटतात. आज नक्कल म्हटले की आपण नाक मुरडतो. परीक्षेतली नक्कल, नकली दागिना, नकली नोट! दफ्तरात मात्र हा शब्द असा बेअब्रूचा नव्हता. सनदेची नक्कल करून घेत, मुळाशी तिची रुजवात घेत, आणि मग मूळ कागदाच्या खालोखाल ती नक्कल चाले. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकाला दोन प्रश्न वेगवेगळे ठेवण्याची सवय लागते. ही नक्कल मुळाबरहुकूम आहे काय, हा पहिला. आणि ज्याची ही नक्कल, ते मूळ तरी खरे आहे काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' आले म्हणून दुसऱ्याचेही तेच येईल असे नाही. खोट्या सनदेचीसुद्धा अक्षरन् अक्षर बरोबर नक्कल करता येते.

वाचकहो, हेच दोन प्रश्न आज मी एका अगदी निराळ्या वस्तूला विचारणार आहे. ती म्हणजे आपण जिला सीडी म्हणतो ती चकचकीत रुपेरी तबकडी आणि तिच्यावरून संगणकात उतरवून घेतलेले गाणे. माझे विद्यार्थी अधूनमधून मला जुनी गाणी आणून देतात आणि वर सांगतात, "सर, एकदम लॉसलेस आहे हं!" लॉसलेस म्हणजे ज्याला घट आली नाही असे. सोने आटवताना घट येते, धान्य दळताना येते; तशी ह्या गाण्याला उतरवताना आली नाही, असा त्यांचा दावा. दावा म्हटला की पुरावा आला. तो कसा पाहायचा?

आधी ह्या तबकडीवर असते काय, ते पाहू. १९८२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सोनी कंपनीने जपानमध्ये पहिले सीडी वाजवण्याचे यंत्र विकायला काढले. तबकडीचा आराखडा सोनी आणि हॉलंडची फिलिप्स ह्या दोघींनी मिळून ठरवलेला होता. ग्रामोफोनच्या तबकडीत आवाज म्हणजे खाचेतले नागमोडी वळण. सुई त्यातून फिरे आणि थरथरे. सीडीवर वळण नाही, आकडे आहेत. आवाजाच्या लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायची, आणि दर मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी कुठल्या तरी एका पायरीवर बसवायची. हे डाव्या बाजूसाठी एकदा, उजव्या बाजूसाठी एकदा. आता ४४,१०० हा आडनिडा आकडा कुठून आला? मौज अशी की तो दूरचित्रवाणीकडून आला. सुरुवातीला हे आकडे साठवायला चित्रफितीची यंत्रे वापरत. चित्राच्या एका रेघेत तीन मोजण्या, अशा कामाच्या रेघा २४५, आणि सेकंदाला असे ६० फेरे. गुणाकार करून पाहा. युरोपातल्या पद्धतीत रेघा २९४ आणि फेरे ५०; तरी उत्तर तेच.

आवाजाचे आकडे झाले, तेव्हा नकलेचा स्वभावच बदलला. टेपवरून टेप उतरवली की आवाज थोडा घोगरा होई, तिच्यावरून आणखी उतरवली की आणखी. आकड्यांचे तसे नाही. खातेवहीतली रक्कम शंभर वेळा उतरवली तरी कारकून शुद्धीवर असेपर्यंत ती तेवढीच राहते.

पण कारकून नेहमी शुद्धीवर असतो असे कोणी सांगितले? तबकडीवर ओरखडे पडतात, बोटांचे तेल लागते. त्यासाठी सीडीत एक सुंदर योजना केलेली आहे. अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली मांडलेल्या एका युक्तीवर ती उभी आहे. मूळ आकड्यांबरोबर ताळ्याचे काही जादा आकडे लिहायचे, आणि सगळे एकमेकांपासून दूर दूर विखरून ठेवायचे. मग सुमारे अडीच मिलिमीटर लांबीची जागा सलग खराब झाली तरी इकडच्या तिकडच्या ताळ्यांवरून हरवलेला मजकूर जशाच्या तसा परत मिळतो. अंदाजाने नव्हे बरं का, जशाच्या तसा.

इजा त्याहून मोठी असेल तर मात्र यंत्र एक लबाडी करते. मागचा आकडा आणि पुढचा आकडा पाहून मधला आपल्या मनाने घालते. ऐकणाऱ्याच्या कानांना पत्ता लागत नाही, आणि गाणे ऐकायचे असेल तर त्यात वाईटही काही नाही. पण नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीने पाहा! पोथीतले वाळवीने खाल्लेले अक्षर लेखकूने तर्काने भरले आणि कंसही घातला नाही, तशातली ही गत. संगणकाची माहिती ठेवणाऱ्या सीडीवर चुका सावरायला आणखी एक तपासणी असते. गाण्याच्या सीडीवर ती नाही. म्हणून हिशेबाची वही सीडीवरून हमखास बिनचूक उतरते, आणि भीमपलासाची खात्री देता येत नाही.

ह्यावर १९९८ साली आंद्रे वीटहोफ ह्या जर्मन विद्यार्थ्याने इलाज काढला. 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' असे त्याच्या कार्यक्रमाचे नाव. तत्त्व अगदी साधे: तबकडीचा दर तुकडा निदान दोनदा वाचायचा, दोन्ही वाचने ताडून पाहायची, आणि फरक पडला तर पुन्हा पुन्हा वाचून बहुमताने पाठ ठरवायचा. तरीही निकाल लागला नाही, तर तेवढी जागा संशयित म्हणून नोंदवायची. काम संपल्यावर तो एक रोजनामाच लिहून देतो: कोणत्या यंत्रावर वाचले, कुठे अडले, शेवटी ताळा काय आला. गाण्याबरोबर हा रोजनामा आला असेल तर तो आधी वाचावा, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तो हाताने खोटाही लिहिता येतो, हा भाग वेगळा.

तरी एक शंका उरतेच. एकच यंत्र एकच चूक दोनदा करणार नाही कशावरून? पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. ती सिद्ध करणाऱ्या पंडितांना ही शंका चांगली परिचयाची होती. एकाच पोथीवरून उतरलेल्या दोन पोथ्या एकच चूक दाखवतात. त्या दोघींची साक्ष एकच धरायची. साक्ष हवी ती वेगळ्या वाटेने आलेल्या पोथीची. सीडीच्या बाबतीत 'अ‍ॅक्युरेटरिप' नावाची जी व्यवस्था निघाली, ती नेमकी हेच करते. जगात कुठे कुठे पडलेल्या त्याच छापाच्या तबकड्या लोक आपापल्या यंत्रांवर उतरवतात आणि त्यांचे ताळे एका ठिकाणी जमा होतात. तुमचा ताळा अनोळखी दहा माणसांच्या ताळ्याशी जुळला, तर दहाही जणांच्या तबकडीवर त्याच जागी तोच ओरखडा होता असे मानावे लागेल, किंवा तुमची नक्कल चोख आहे असे. त्याआधी एक किरकोळ भानगड मिटवावी लागते. दर यंत्र वाचायला किंचित मागे किंवा किंचित पुढे सुरुवात करते. दोन दुकानदारांच्या तागड्यांत पासंगाचा फरक असावा, तसा. तो आधी वजा करायचा, मग ताळे जुळतात.

असे उतरवलेले गाणे ठेवायचे कशात? २००१ सालापासून 'फ्लॅक' नावाची एक पद्धत रूढ झाली. जॉश कोल्सन ह्या गृहस्थाने ती बनवली. ती गाण्याची घडी घालते, कापड कापत नाही. उलगडले की मूळचा आकडा न् आकडा परत मिळतो. उलट एमपीथ्री पद्धत कानाला जाणवणार नाही असे जे तिला वाटते, ते कापून टाकते. जागा कमी लागते, पण कापलेले परत येत नाही. आणि इथेच फसवणुकीला वाव मिळतो. आधी कापलेले गाणे कोणी मागाहून फ्लॅकच्या घडीत घातले, तर वरची चिठ्ठी लॉसलेसच म्हणणार. पाणी घातलेले दूध चांदीच्या भांड्यात ओतले म्हणून ते दाट होत नाही.

हे पाणी ओळखण्यासाठी आवाजाचे चित्र काढतात. खाली खर्जातले स्वर, वर अतिबारीक झणकार, आणि डावीकडून उजवीकडे काळ. एमपीथ्री बेताच्या दर्जाची असेल तर साधारण १६,००० कंपनांच्या वर सारे चित्र सुरीने कापल्यासारखे काळे दिसते. हे एकदा कळले की तरुण मंडळींना मोठा चेव येतो. जिथे तिथे काळी पट्टी पाहून ती 'बनावट, बनावट' म्हणून ओरडतात. सबुरी ठेवावी. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एवढे बारीक कंप मुळात उमटलेलेच नव्हते. एफएम केंद्रावरून टिपलेले गाणे १५,००० च्या आसपास थांबते, कारण प्रक्षेपणच तिथवर असते. कधी कधी त्या चित्रात १९,००० वर एक सरळ बारीक रेघ दिसते, ती स्टीरिओ प्रक्षेपणाची खूण. म्हणजे त्या गाण्याने आपण रेडिओवरून आलो हे स्वतःच सांगितले! उणीव कुठली आणि खूण कुठली, हे त्या गाण्याचा जन्म माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. चित्र पाहायला यंत्र पुरते. वाचायला इतिहास लागतो.

इथवर आपण पहिल्याच प्रश्नाशी होतो. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र आपल्याला इंग्लंडला जावे लागेल.

जॉइस हॅटो ही लंडनमध्ये १९२८ साली जन्मलेली पियानोवादक. नाव होते, पण फार मोठे नव्हते. १९७६ नंतर तिने जाहीर कार्यक्रम बंद केले. पुढे, ती सत्तरीच्या घरात असताना, तिच्या नावाने एकामागून एक सीडी निघू लागल्या. शोपँ, लिस्ट, राख्मानिनॉव्ह... पियानोच्या वाङ्मयातले जे जे अवघड, ते ते सारे. शंभरावर तबकड्या! त्या काढणारी छोटी कंपनी तिचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप चालवत. बाई कर्करोगाने आजारी आहेत, घराबाहेर पडत नाहीत, वेदना सोसत वाजवतात, अशी हकीकत सर्वत्र झाली. जाणकार टीकाकारांनी त्या तबकड्या डोक्यावर घेतल्या. जून २००६ मध्ये बाई वारल्या, तेव्हा एक थोर आणि उपेक्षित कलावती गेली असे मृत्युलेख आले.

आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, त्याची इथे आठवण होते. १७६१ साली भाऊ पडले. आणि त्यांना डोळ्यांनी पाहिलेली माणसे हयात असतानाही १७७६ मध्ये तोतयाला देहदंड होईपर्यंत हे प्रकरण धुमसत राहिले. लोकांना काय दिसत नव्हते? पण भाऊ परत यावेत असे मनातून वाटत होते ना! हॅटोबाईंच्या बाबतीत मला तसेच वाटते. दुखण्याशी झुंजत एकांतात बसून एवढा डोंगर उचलणारी वृद्ध कलावती खरी असावी, असे ऐकणाऱ्यांना वाटत होते. कानांनी मग मनाला साथ दिली.

२००७ च्या सुरुवातीला एका श्रोत्याने तिची लिस्टच्या 'ट्रान्सेंडेंटल' अभ्यासरचनांची तबकडी सहज संगणकात घातली. पडद्यावर वादकाचे नाव आले ते लास्लो सिमोन! हे कसे झाले, ते कळायला सीडीची एक खोड सांगायला हवी. सीडीवर गाण्याचे वा गायकाचे नाव बहुधा लिहिलेलेच नसते. असते ती फक्त अनुक्रमणिका: कोणता तुकडा कुठे सुरू होतो, तेही सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत मोजून. संगणक ही मापे एका मोठ्या सामाईक नोंदवहीत पाठवतो, आणि तिथे मापे जुळली की त्या तबकडीचे नाव परत येते. बारा तुकड्यांची मापे एवढ्या बारकाईने योगायोगाने जुळत नाहीत. माणूस पायाच्या ठशावरून सापडावा तसे हे झाले.

त्या श्रोत्याने ही गोष्ट जेड डिस्लर ह्या टीकाकाराला कळवली. डिस्लरने सिमोनची स्वीडनच्या 'बिस' कंपनीने काढलेली तबकडी शेजारी ठेवून ऐकली. मग हॅटोच्या नावाची राख्मानिनॉव्हच्या कन्चेर्तोंची तबकडी संगणकात घातली, तर नाव आले येफिम ब्रॉन्फमनचे. 'ग्रामोफोन' ह्या लंडनच्या मासिकाने तज्ज्ञ म्हणून अँड्रयू रोज यांना तपासायला सांगितले. त्यांनी दोन्हींच्या लाटा एकावर एक ठेवून पाहिल्या. लिस्टच्या त्या तबकडीतल्या बहुतेक रचना सिमोनच्याच निघाल्या.

ह्या तपासणीतली एक युक्ती सांगण्याजोगी आहे. दोन मुद्रणांतले आकडे एकमेकांतून वजा करायचे. एकच मुद्रण असेल तर बाकी शून्य, म्हणजे निखळ शांतता. दोन वेगळी वादने असतील तर अशी शांतता कधीच मिळत नाही. एकाच वादकाने एकाच दुपारी तीच रचना दोनदा वाजवली तरीसुद्धा नाही. बोट सेकंदाच्या शंभराव्या भागाने जरी मागेपुढे पडले, तरी बाकी उरते.

बॅरिंग्टन-कूप यांना ह्याची कल्पना नसेल असे नाही. काही तुकड्यांचा वेग त्यांनी थोडा वाढवला किंवा कमी केला होता. त्यामुळे मापे बदलतात, वजाबाकीही साधत नाही. पण तेही उघडकीला आले, आणि ते वेगळ्याच वाटेने. रॉयल हॉलोवे महाविद्यालयाशी संबंधित असलेले निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे संशोधक शोपँच्या मझुर्का निरनिराळ्या वादकांनी कशा वाजवल्या, ह्याचा अभ्यास करीत होते. दर ठोक्याला किती वेळ लागला, ह्याची त्यांनी मोजदाद केली होती. चोर पकडायला ते निघालेच नव्हते. त्यांच्या तक्त्यांत हॅटो आणि यूजीन इंजिक ह्या दोघांची वादने अशी जुळली, की दोन माणसांची जुळूच नयेत. सबंध तुकड्याचा वेग सारख्या प्रमाणात बदलला तरी वादक कुठे रेंगाळला आणि कुठे घाईने निघाला, ह्याचे परस्परांशी प्रमाण तेच राहते. हस्ताक्षर लहान काढा की मोठे, वळण लपत नाही.

१५ फेब्रुवारी २००७ रोजी 'ग्रामोफोन'ने हे प्रकरण जाहीर केले. बॅरिंग्टन-कूप यांनी आधी साफ नाकारले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी 'बिस'चे प्रमुख रॉबर्ट फॉन बार यांना पत्र लिहून कबुली दिली. पत्नीचे कण्हणे मुद्रणात येई, तेवढी जागा झाकायला दुसऱ्याचे तुकडे जोडले, मग ते तुकडे वाढत गेले; तिला ह्यातले काही ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. फॉन बार यांनी दावा लावला नाही. कबुली ही कबुली देणाऱ्याच्या सोयीची असते, हे इतिहासाच्या माणसाला सांगायला नको. ज्या कन्चेर्तोंत पूर्ण वाद्यवृंद आहे तिथे पत्नीचे कण्हणे झाकायला सबंध वाद्यवृंदच उसना का घ्यावा लागला, आणि त्याचा संचालक म्हणून रेने कोहलर हे कधी अस्तित्वातच नसलेल्या माणसाचे नाव का छापावे लागले, ह्याचा खुलासा त्या पत्राने होत नाही.

टीकाकारांना मग सर्वांनी हसून घेतले. एकाच लेखकाने ब्रॉन्फमनच्या मूळ मुद्रणाविषयी हात राखून लिहिले होते आणि तेच हॅटोच्या नावाने आल्यावर वाहवा केली होती, हेही उकरून काढले गेले. मला हसू येत नाही. त्या मंडळींनी वाजवणे उत्तम आहे असे म्हटले, आणि ते उत्तम होतेच. सिमोन, इंजिक, ब्रॉन्फमन हे काय लेचेपेचे वादक? कानाने गुण बरोबर पारखला. पण हे कोणी वाजवले, हा प्रश्न कानाचा नव्हताच. तो कागदपत्रांचा होता. मुद्रण कुठल्या सभागृहात झाले, वाद्यवृंदाचे लोक कोण, त्यांना पैसे कोणी दिले, हे विचारायला कोणाची बंदी नव्हती. खरे नुकसान झाले ते ज्यांची वर्षानुवर्षांची मेहनत दुसऱ्याच्या नावाखाली वाखाणली गेली त्यांचे. इंजिकचे शोपँ आधीपासून दुकानात मिळतच होते. त्याच्या वाट्याला ही स्तुती कितीशी आली?

आणि हे सारे उघडकीस आले ते सीडीची नक्कल चोख होते म्हणूनच. टेपच्या दिवसांत असेच कोणी केले असते, तर टेपच्या अंगच्या लडखडण्याने वेग किंचित हलला असता, उतरवताना खरखर चढली असती, आणि दोन लाटा जुळवून दाखवणे फार जड गेले असते. इथे चोराने माल घेतला तो मालकाच्या शिक्क्यासकट.

आजही कोणापाशी हॅटोच्या नावाची ती लिस्टची तबकडी असेल, आणि त्याने ती नीट पुसून, दोनदा वाचून, फ्लॅकमध्ये उतरवली, तर रोजनामा स्वच्छ येईल. ताळा दुसऱ्या कोणाच्या तबकडीशी जुळला तर संगणक 'मुळाबरहुकूम' असेच सांगेल, आणि ते खरेच असेल. चित्र काढले तर वरपर्यंत भरलेले दिसेल. सिमोनचे नाव मात्र ह्यातल्या एकाही कसोटीत येणार नाही. त्यासाठी सिमोनची तबकडी शेजारी आणून ठेवावी लागते.

जॉइस हॅटोचे स्वतःचे वादन मुळीच उरले नाही असे समजू नका. १९७० साली तिने आर्नल्ड बॅक्सच्या 'सिम्फॉनिक व्हेरिएशन्स' गिल्डफर्ड फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर, व्हर्नन हँडली यांच्या संचालनाखाली ध्वनिमुद्रित केल्या. तो वाद्यवृंद खरा, संचालक खरा, आणि पियानोवर ती स्वतः.